दगडांची शर्यत

फार फार वर्षांपूर्वी हे घडलं. ज्या राज्यात घडलं त्याचं नाव आज कुणाला आठवत नाही, आणि आठवलं असतं तरी मी ते तोंडाने घेतलं नसतं. लहानांनी ही गोष्ट ऐकावी. मोठ्यांनी जरा जास्त लक्ष देऊन ऐकावी, कारण यातली चूक लहानांच्या हातून होत नाही.

त्या राज्याची राजधानी खाली नदीकाठी होती. नदीच्या वरच्या अंगाला मोठं मैदान, मैदानाच्या टोकाला उभा घाट, आणि घाटावर पठार. पठारावरची माणसं नाचणी आणि वरई पिकवायची. दर सुगीला त्यातला एक वाटा ती राजाच्या कोठारात आणून टाकायची. तसा राजाचा जुना शब्दच होता: चांगल्या वर्षी तुम्ही द्या, वाईट वर्षी आम्ही पाठवू. पठाराने कित्येक चांगल्या वर्षी दिलं. मग एक वाईट वर्ष आलं.

पीक कापणीला आलं होतं, आणि टोळधाड उतरली. सकाळी शेतं भरलेली होती, संध्याकाळी नुसती धाटं उभी राहिली. टोळांनी कणसं खाल्ली, पानं खाल्ली, दारातले भोपळ्याचे वेलसुद्धा खाल्ले. लोकांनी रानातले कंद उकरले. घरात उरलंसुरलं होतं ते आधी पोरांना घातलं. मग सगळ्यांनी मिळून ठरवलं, की कुणीतरी राजधानीला जायचं आणि कोठारातलं धान्य मागायचं.

गेली ती ठकूबाई. ती पठारावरची सुईण. तिकडचं जवळजवळ प्रत्येक पोर पहिल्यांदा तिच्याच हातांत रडलेलं. घरी मुलगा होता आणि सून मंजुळा. मंजुळाला दिवस गेलेले होते.

"आत्याबाई, माझी वेळ येईतो परत याल ना?" मंजुळाने विचारलं.

"येते. धान्य घेऊनच येते," ठकूबाई म्हणाली आणि घाट उतरू लागली.

राजा दुष्ट नव्हता. हे मुद्दाम सांगतो. त्याने ठकूबाईला बसायला दिलं, तिचं सगळं ऐकून घेतलं आणि हळहळला.

"बाई, कोठारातलं धान्य तुमचंच आहे. हवं तेवढं न्या," तो म्हणाला.

ठकूबाईचा जीव भांड्यात पडला. पण राजाचं बोलणं संपलं नव्हतं.

"प्रश्न एवढाच, की न्यायचं कसं? माल वाहायची सगळ्यांत उत्तम रीत कोणती, हे आमच्या राज्यात कधी नीट ठरलंच नाही. आता ही संधी चालून आली आहे. एकदाचं ठरवूनच टाकू. जी रीत उत्तम ठरेल तिला आम्ही आमचं निशाण देऊ, आणि यापुढे राज्यातला सगळा माल त्याच रीतीने जाईल."

संधी! पठारावर माणसं झाडांच्या साली चघळत होती, आणि त्याला संधी दिसली.

तिघांना बोलावणं गेलं. नावाड्यांचा प्रमुख म्हादू तांडेल आला. गाडीवानांचा प्रमुख हैबती आला. पाठीवर गोणी लादलेल्या बैलांचे तांडे देशोदेशी फिरवणारा सोमला नायक आला. निशाणाचं नाव ऐकताच तिघांचे डोळे चमकले.

"महाराज, नावेसारखं काही नाही," म्हादू म्हणाला. "माझी एक नाव जेवढं उचलते तेवढं उचलायला हैबतीला गाड्यांची रांग लावावी लागेल. चारा नको, वंगण नको. उतारावर तर पाणीच ओझं ओढतं."

"आणि चढावर? तेव्हा तुझी माणसं काठाने दोर ओढत गोगलगाईसारखी चालतात, ते सांग की!" हैबती उसळला. "जरा पाणी शिरलं की धान्याला मोड येतात. महाराज, माझी गाडी कोठाराच्या दारात भरते आणि माणसाच्या दारात रिकामी होते. मधे हात बदलत नाहीत."

सोमला हसला. "दारापर्यंत रस्ता असेल तर! चिखल लागला की चाक रुतलं, दगड लागला की आख मोडला. माझ्या बैलाला रस्ता लागत नाही. शेळी जाईल तिथे माझा बैल जातो."

"पण नेतो किती? दोन गोणी!" म्हादू म्हणाला.

"आणि दर मुक्कामाला सगळ्या गोणी उतरवायच्या, सकाळी पुन्हा लादायच्या," हैबती म्हणाला. "वाटेत कुणाचं पीक दिसलं की यांचे भिकारडे बैल त्यात तोंड घालणार!"

सोमलाचा चेहरा काळवंडला. माझ्या बैलांना भिकारडे म्हणतोस, असं म्हणत तो उठला, आणि मग जे भांडण लागलं ते दिवस मावळेपर्यंत चाललं. दुसऱ्या दिवशी पुन्हा चाललं. तिघेही दुसऱ्यांबद्दल जे बोलत होते त्यातलं अक्षर न् अक्षर खरं होतं. स्वतःबद्दल मात्र प्रत्येकजण अर्धंच सांगत होता. आणि राजा रंगात येऊन ऐकत होता.

ठकूबाई दरबाराच्या खांबाला टेकून उभी होती. शेवटी ती म्हणाली, "महाराज, तिघांनाही पाठवा. कसंही पाठवा. पण आज पाठवा."

"बाई, घाईत केलेलं काम फसतं," प्रधान म्हणाला. "आधी परीक्षा होऊ द्या."

परीक्षा ठरली. कोठारापासून राजाच्या नदीकाठच्या बागेपर्यंत तिघांनी ओझं वाहून न्यायचं. पण परीक्षेत धान्य सांडलं तर वाया जाईल, म्हणून प्रधानाने तोड काढली. पोत्यांत दगड भरायचे.

हो, दगड. नीट ऐका. उपाशी माणसांचं धान्य कोठारात कुलूपबंद पडून होतं, आणि राज्यातल्या सगळ्या नावा, सगळ्या गाड्या, सगळे बैल दगड वाहत होते. शर्यतीसाठी मांडव घातला. पताका लावल्या. लोक मिठाई खात बघायला आले. एका शर्यतीत निकाल लागेना, कारण हैबतीच्या गाडीला कुणी आडवं आलं होतं म्हणे. मग दुसरी शर्यत झाली. मग तिसरी. तेवढ्या दिवसांत आकाशातला चंद्र पुरता झिजून पुन्हा भरला. इकडे पावसाळ्यात फुगलेली नदी रोज थोडी थोडी खाली उतरत होती, आणि ते कुणीच बघत नव्हतं.

ठकूबाई एकदा मांडवात शिरली. नावेतून उतरवलेल्या एका पोत्याचा तिने बंद सोडला, आतला एक दगड काढला आणि राजासमोरच्या चांदीच्या ताटात ठेवला.

"खा," ती म्हणाली.

 प्रधान ओरडला, शिपाई धावले. राजाने त्यांना हाताने थांबवलं. तिचा राग समजून घेतला पाहिजे, असं तो फार मोठ्या मनाने म्हणाला. शर्यत पुढे चालू झाली.

शेवटी नाव जिंकली. जिंकणारच होती. बाग नदीकाठीच तर होती. राजाने म्हादूच्या डोक्यावर जरीचं पागोटं बांधलं, त्याच्या हाती निशाण दिलं, आणि दवंडी पिटवली: यापुढे राजाचा माल फक्त नावेने जाईल. दुसऱ्या कुणी पोत्याला हात लावला तर तो गुन्हा.

"महाराज, नदी आमच्या गावाला येत नाही," ठकूबाई म्हणाली.

"नदी आमच्या सबंध राज्यातून वाहते," राजा म्हणाला.

"वाहते. पण पठारावर नाही. घाटाच्या अलीकडेच ती दुसरीकडे वळते. या तांडेलाला विचारा."

राजाने म्हादूकडे पाहिलं. म्हादूला ते ठाऊक होतं. सबंध आयुष्य त्याने त्या नदीवर काढलं होतं. पण पागोटं नुकतंच डोक्यावर बसलं होतं. तो म्हणाला, "जाईल तिथवर नेऊ, महाराज. पुढचं पुढे बघू."

असा तो मोठा दिवस संपला.

नावा भरल्या. पुढच्या नावेच्या टोकाला निशाण लावून प्रधान बसला, त्याच्यासमोर ठकूबाई बसली. नावाड्यांची माणसं काठाने दोर ओढू लागली. पहिले काही दिवस बरं चाललं. मग पाणी उथळ होऊ लागलं. नावेचा तळ वाळूला घासू लागला. नावाडी पाण्यात उतरून ढकलू लागले. आणि एका दुपारी, मैदानाच्या मध्यावर, पहिली नाव वाळूत बसली ती हललीच नाही. तिच्यामागे दुसरी बसली. मागच्या सगळ्या नावा अडकल्या.

"पहिल्यांदा निघालो तेव्हाच इकडे आलो असतो तर पाणी पुरलं असतं," म्हादू पुटपुटला.

"निघालो तेव्हा? आपण निघालो कुठे होतो?" ठकूबाई म्हणाली. "तू दगड घेऊन बागेत जात होतास."

म्हादूने पागोटं काढून मांडीवर घेतलं. 

तेवढ्यात काठावर धूळ उडाली. हैबती आला होता. त्याच्यामागे गाड्यांची लांबच लांब रांग होती, आणि सगळ्या गाड्या रिकाम्या होत्या. नावा फसणार हे त्याला माहीत होतं. त्या फसलेल्या डोळ्यांनी बघायला तो एवढ्या लांब बैल दामटत आला होता.

"बघितलंस म्हादू?" तो काठावरून ओरडला. "सांगत होतो ना मी? माझंच खरं ठरलं की नाही?"

ठकूबाई नावेतून उतरली. गुडघाभर पाण्यातून, वाळूतून चालत ती काठावर आली आणि हैबतीसमोर उभी राहिली.

"तुझं खरं ठरलं," ती म्हणाली. "आता त्या खऱ्याच्या भाकरी थापून दे मला. पठारावर नेते. पोरांना सांगते, खा रे, हैबतीचं खरं ठरलंय."

"मावशी, मी काय केलं? मला तर हात लावायची बंदी—"

"रिकाम्या गाड्या घेऊन तू इथवर आलास! येताना बैल थकले नाहीत तुझे? दुसऱ्याची फजिती बघायला गाड्या निघतात, आणि माणसं जगवायला हुकूम लागतो तुला?"

मग ती वळली, पुन्हा पाण्यात शिरली, पहिल्या नावेतलं एक पोतं ओढून तिने पाठीवर घेतलं. पोतं तिच्या वजनाएवढं होतं. दोन पावलं गेली आणि ती वाळूत गुडघ्यांवर आपटली. पोत्याची शिवण उसवली, नाचणी पाण्यात सांडू लागली. ठकूबाईने दोन्ही हातांनी भोक दाबून धरलं. इकडेतिकडे पाहिलं. नावेच्या टोकाला निशाण फडकत होतं. तिने ते ओढून घेतलं, टर्रकन फाडलं आणि पोत्याच्या भोकात कोंबलं.

"अगं ए! राजाचं निशाण आहे ते!" प्रधान किंचाळला.

"पहिल्यांदाच उपयोगी पडलंय," ठकूबाई म्हणाली.

सगळ्यांत आधी म्हादू पाण्यात उतरला. त्याने ते पोतं उचललं आणि खाली मान घालून काठावर नेऊन हैबतीच्या गाडीत टाकलं.  मग हैबतीने आपल्या माणसांना हाक दिली आणि स्वतःही पाण्यात शिरला. प्रधान ओरडत राहिला. त्याचं ऐकायला कुणी मोकळं नव्हतं.

गाड्या निघाल्या आणि घाटाच्या पायथ्याशी येऊन थांबल्या. पुढे चाकाला वाट नव्हती. नुसती पायवाट, तीही कड्याच्या अंगाने.

पायथ्याशी सोमला नायकाचा तांडा उतरला होता. दरबारातला अपमान गिळून तो शर्यतीनंतर इथे येऊन बसला होता. बैल चरून ताजेतवाने झाले होते. हैबतीला पाहताच तो उठून उभा राहिला.

"आलास?" तो म्हणाला. "आता तुझी गाडी चढव की वर!"

"सोमला, धान्य वर न्यायचंय," हैबती म्हणाला.

"माझे बैल भिकारडे आहेत. भिकारड्यांकडे कशाला मागतोस? आधी सगळ्यांसमोर माफी माग. बैलांच्या पायांवर डोकं ठेव."

"बैलांच्या पायांवर? मी?" हैबतीचाही पारा चढला. म्हादूने मधे काहीतरी म्हटलं, तर सोमला त्याच्यावरही घसरला. आणि काय सांगू, घाटाच्या पायथ्याशी, धान्याने भरलेल्या गाड्यांच्या सावलीत, तेच तिघे पुन्हा तसेच भांडू लागले.

या वेळी ठकूबाई ओरडली नाही. तिने एका पोत्यातलं धान्य पदरात ओतून घेतलं, जेवढं पेलवेल तेवढं. पदराची गाठ मारली, गाठोडं डोक्यावर घेतलं आणि एकटीच घाट चढू लागली.

पहिल्या वळणावर ती थांबली आणि मागे न वळताच म्हणाली, "चालू द्या तुमचं. वर गेल्यावर मी लोकांना सांगीन, की धान्य आलंय, पायथ्याशी आहे. फक्त कोण मोठा ते ठरायचंय."

सोमलाने वर पाहिलं. त्या बाईच्या टाचा फाटलेल्या त्याला दिसत होत्या. त्याने आपल्या बोलीत तिला "याडी" म्हणून हाक मारली, म्हणजे आई. ती थांबली नाही. मग त्यानेही माफीचं नाव पुन्हा काढलं नाही. बैलांना गोळा केलं, गोण्या भरल्या आणि तांडा घाटाला लावला. हैबतीने पोती खांद्यावरून आणून दिली, म्हादूच्या नावाड्यांनी गोण्यांचे दोर आवळले. दोरांच्या गाठी त्यांच्याइतक्या कुणाला येणार?

घाटमाथ्यावर बैलांचंही काम संपलं. पुढे वाड्यावस्त्यांना जायला कातळात खोदलेल्या पायऱ्या होत्या. तिथून धान्य माणसांच्या डोक्यांवरून गेलं. नावाडी, गाडीवान, तांड्यातले गडी आणि बाया, सगळ्यांनी डोकी दिली.

धान्य पोचलं. चुली पेटल्या. पुष्कळ माणसं वाचली.

सगळी वाचली नाहीत. हेही सांगितलंच पाहिजे. पुढच्या वस्त्यांमध्ये म्हातारी माणसं दगावली होती. त्यांनी आपल्या वाट्याचं नातवंडांना दिलं होतं. आणि ठकूबाई आपल्या दारात पोचली तेव्हा मंजुळा भिंतीला टेकून बसली होती. तिचं पोट रिकामं होतं आणि मांडीही रिकामी होती.

"मुलगी होती, आत्याबाई," मंजुळा म्हणाली. "रडलीच नाही."

ठकूबाईने गाठोडं खाली ठेवलं. आधी तिने चूल पेटवली, पेज शिजवली, सुनेला घोटाघोटाने पाजली. मग ती घराच्या मागे गेली आणि तिथे बराच वेळ बसली.

राजधानीत मात्र आनंद होता. धान्य पोचल्याची बातमी खाली आली, आणि राजाने मोठा दरबार भरवला. ठकूबाईला पालखी पाठवली. ती पालखीत बसली नाही. ती चालत आली, आणि तिच्याबरोबर म्हादू, हैबती आणि सोमला आले.

राजा खूश होता. "धान्य पोचलं, फार चांगलं झालं! निशाण फाडल्याचा गुन्हा आम्ही माफ केला आहे. पण बाई, एक शंका मनात राहिली. तुम्ही तर सगळ्याच रीती पाहिल्यात. खरं सांगा, यांच्यात सगळ्यांत उत्तम कोणती?"

अजूनही त्याला तेच हवं होतं! ठकूबाई त्याच्याकडे बघत राहिली. 

"पाण्यात नाव उत्तम," ती म्हणाली. "वाटेवर गाडी उत्तम. घाटात बैल उत्तम, आणि पायऱ्यांवर माणसाची मान. हे तुमच्या राज्यात सगळ्यांना ठाऊक होतं महाराज, तुम्हालाही ठाऊक होतं. मी पहिल्या दिवशी इथे उभी राहिले, त्या दिवशी जे निघालं असतं ते सगळ्यांत उत्तम होतं. ते निघालं नाही. माझ्या नातीने तुमच्या परीक्षेचा निकाल लागायची वाट बघितली. तिला तेवढा दम नव्हता."

राजाचा चेहरा उतरला. तो काहीतरी बोलू पाहत होता, पण ठकूबाईने हात वर केला.

"दुःख झालं असं म्हणू नका. म्हणाल तर ते मला इथून वर वाहून न्यावं लागेल. माझ्याकडे आता जागा नाही."

एवढं बोलून ती निघून गेली. म्हादूने जरीचं पागोटं सिंहासनाच्या पायरीवर ठेवलं आणि तोही गेला. हैबती आणि सोमला त्याच्यामागे गेले.

त्यानंतर पठाराच्या लोकांनी राजाच्या कोठारात धान्य टाकलं नाही. त्यांनी नदीच्या वळणावर एक कोठार बांधलं, घाटाच्या पायथ्याशी दुसरं आणि घाटमाथ्यावर तिसरं. नावाडी आपलं ओझं गाडीवानाच्या हवाली करू लागले, गाडीवान तांड्याच्या हवाली, आणि कोण मोठा हे विचारायला कुणी थांबेनासं झालं. मैदानातल्या गावांनीही मग आपला वाटा तिथेच टाकायला सुरुवात केली. राजाचं कोठार रिकामं पडलं. त्यात धान्याऐवजी उंदीर आले, आणि खायला काही नाही म्हटल्यावर उंदीरही गेले. राजाचे हुकूम निघत राहिले, दवंड्या पिटल्या जात राहिल्या. पण ज्याच्याकडे द्यायला दाणा नाही त्याचं ऐकायला लोक फार काळ उभे राहत नाहीत. तो म्हातारा झाला तेव्हा त्याच्या दरबारात तो होता, प्रधान होता, आणि रिकाम्या खुर्च्या होत्या.

तात्पर्य: प्रत्येक साधन आपापल्या जागी चांगलं असतं, पण श्रेष्ठ कोण हे ठरेपर्यंत जो भुकेल्याला थांबवून ठेवतो, तो भुकेच्याच बाजूने उभा असतो.